वाहनांच्या आणि मोबाइलच्या डेटावरून वाहतुकीवर देखरेख कशी करावी

रस्त्यात पुरलेले लूप डिटेक्टर (वरून जाणारे वाहन ओळखणारी तारेची वेटोळी), खांबावरचे कॅमेरे आणि चौकात उभे राहून केलेली मोजणी या तिन्ही पद्धती एका ठरावीक जागेची माहिती देतात. दोन मोजणी-केंद्रांच्या मधल्या चार किलोमीटरांत काय चालले आहे हे त्यांतून केवळ अंदाजाने कळते. वाहनांत बसवलेली जीपीएस यंत्रे आणि प्रवाशांच्या खिशातले फोन ही उणीव भरून काढतात, कारण ते रस्त्याच्या संपूर्ण लांबीवरून फिरत असतात. मात्र या डेटाची एक मूलभूत मर्यादा पहिल्या दिवसापासून लक्षात ठेवावी लागते. त्यातून प्रवासाला लागलेला वेळ चांगला कळतो, पण रस्त्यावर एकूण किती वाहने होती हे कळत नाही. पुढच्या बहुतेक पायऱ्यांवरचे निर्णय या एका गोष्टीवर अवलंबून आहेत.

वाहतूक नियोजनात काम करणाऱ्या, नकाशा-प्रणालींची आणि थोड्याफार प्रोग्रॅमिंगची ओळख असणाऱ्या वाचकांसाठी हा लेख लिहिला आहे.

प्रश्न आधी, डेटा नंतर

डेटा मिळतो आहे म्हणून तो घ्यायचा आणि मग त्याचे काय करता येईल ते शोधायचे, या क्रमाने सुरू झालेले प्रकल्प सहसा रंगीत नकाशापुढे जात नाहीत. म्हणून सुरुवातीला एका कागदावर चार गोष्टी लिहून काढाव्यात: कोणते रस्ते, दिवसाच्या कोणत्या वेळा, किती अचूकता आणि किती विलंब चालेल. नव्या सिग्नल-वेळापत्रकाचा परिणाम तपासायचा असेल, तर डेटा आठवड्याभराने मिळाला तरी बिघडत नाही, पण तो बदलापूर्वीच्या आणि बदलानंतरच्या सारख्याच दिवसांचा असावा लागतो. महामार्गावर रांगेचे शेपूट कुठे आहे हे मागून येणाऱ्या चालकांना कळवायचे असेल, तर दहा मिनिटे जुनी नोंद निरुपयोगी ठरते. एका भागातून दुसऱ्या भागात किती लोक जातात हा प्रश्न असेल, तर वेगाच्या नोंदींपेक्षा मोबाइल नेटवर्कच्या नोंदी अधिक कामाच्या असतात. आणि फुटपाथ रुंद करण्यापूर्वी त्या रस्त्यावरून तासाला किती वाहने जातात हे हवे असेल, तर सरळ मोजणी करावी; या डेटाच्या वाटेला जाऊ नये.

स्रोत निवडताना

ताफ्यांचा जीपीएस डेटा, म्हणजे टॅक्सी, बस, मालवाहू ट्रक यांच्या नोंदी, मिळवायला तुलनेने सोपा असतो, कारण एकाच मालकाशी बोलून हजारो वाहने हाती येतात. पण प्रत्येक ताफ्याच्या काही खोडी असतात. बस थांब्यावर थांबते, राखीव मार्गिकेतून जाते आणि चालक वेळापत्रक सांभाळण्यासाठी मुद्दाम हळू जातो. रिकामी टॅक्सी गिऱ्हाईक शोधत रेंगाळते. म्हणून टॅक्सीच्या नोंदीत ‘प्रवासी आहे’ किंवा ‘नाही’ हा रकाना असेल, तर फक्त भरलेल्या फेऱ्या घ्याव्यात. ट्रकला वेगनियंत्रक बसवलेला असेल, तर मोकळ्या रस्त्यावरचा कारचा वेग त्याच्यावरून कळणार नाही. कोंडीत मात्र सगळे सारखेच अडकतात, त्यामुळे कोंडी मोजायला ट्रकही चालतो.

नोंदी किती वेळाने येतात हेही पाहावे. बीजिंगमधील १०,३५७ टॅक्सींचा फेब्रुवारी २००८ मधील एका आठवड्याचा डेटा संशोधनासाठी खुला करण्यात आला आहे. त्यात दोन नोंदींमधले सरासरी अंतर १७७ सेकंद, म्हणजे रस्त्यावर सुमारे ६२३ मीटर आहे. एवढ्या अंतरात वाहन दोन-तीन चौक ओलांडून जाते आणि ते कोणत्या गल्लीतून गेले याचा तर्कच करावा लागतो. शहरी रस्त्यांसाठी १ ते १० सेकंद उत्तम, ३० सेकंदांपर्यंत चालते. मिनिटाच्या पुढच्या नोंदींवर लांब महामार्गांशिवाय भिस्त ठेवू नये.

फोनवरील ॲपच्या जीपीएस नोंदी सर्वांत उपयुक्त असतात. हा मार्ग व्यवहार्य आहे का, हे ८ फेब्रुवारी २००८ रोजी कॅलिफोर्नियातील इंटरस्टेट ८८० या महामार्गावर तपासले गेले. बर्कली येथील विद्यापीठ आणि नोकिया यांनी शंभर गाड्यांत जीपीएस असलेले फोन ठेवून त्या दिवसभर त्याच पट्ट्यात फिरवल्या. एकूण वाहतुकीच्या अवघ्या २ ते ३ टक्के वाहनांच्या नोंदींवरून महामार्गावरील वेगाचे चित्र पुरेसे अचूक उभे राहते, हा त्यातला मुख्य निष्कर्ष होता. तो महामार्गाचा आहे, सिग्नल असलेल्या रस्त्याचा नाही, हे अनेकदा विसरले जाते.

मोबाइल नेटवर्कच्या नोंदी, म्हणजे फोन कोणत्या टॉवरच्या कक्षेत आहे याची माहिती, फोनवर कोणतेही ॲप नसले तरी तयार होते. तिचे संख्याबळ प्रचंड असले तरी सूक्ष्मता कमी असते. शहरात एका टॉवरची कक्षा काही शे मीटर, तर ग्रामीण भागात कित्येक किलोमीटर असते. टॉवरपासूनचे अंतर सिग्नलच्या विलंबावरून काढता येते, पण जुन्या जीएसएम (२जी) नेटवर्कमध्ये त्याची एक पायरी सुमारे ५५० मीटरची आणि एलटीईमध्ये (४जी) सुमारे ७८ मीटरची असते. समांतर जाणारे दोन रस्ते आणि शेजारचा लोहमार्ग यांत फरक करणे यातून अवघड जाते. म्हणून या डेटाचा उपयोग प्रवासाचे आरंभस्थान आणि गंतव्य यांचे तक्ते करण्यासाठी, किंवा जवळ दुसरा रस्ता नसलेल्या लांब महामार्गांसाठी करावा.

ब्लूटूथ किंवा वायफायचे संकेत टिपणारी यंत्रे रस्त्याकडेला लावून दोन ठिकाणांमधला वेळ काढण्याची पद्धतही आहे. फोन आता आपला हार्डवेअर पत्ता वरचेवर बदलून दाखवतात, त्यामुळे तिची उपयुक्तता ओसरत चालली आहे.

शेवटचा पर्याय पुरवठादाराकडून तयार वेग विकत घेण्याचा. तसे करताना प्रत्येक वेगाबरोबर तो प्रत्यक्ष नोंदींवरून काढला आहे की जुन्या सरासरीवरून भरला आहे, याची खूण मागून घ्यावी. अमेरिकेत वापरात असलेल्या काही डेटात ३०, २० आणि १० असे गुण दिलेले असतात: ३० म्हणजे ताज्या नोंदी, १० म्हणजे केवळ पूर्वानुभवावरचा आकडा. ही खूण नसेल, तर पहाटे तीनचा ‘मोजलेला’ वेग प्रत्यक्षात कोणीच मोजलेला नसतो आणि अहवालात तो खरा म्हणून छापला जातो.

गोपनीयता करारात लिहावी

नाव आणि फोन क्रमांक काढून टाकले की डेटा निनावी झाला, हा समज चुकीचा आहे. पंधरा लाख लोकांच्या पंधरा महिन्यांच्या मोबाइल नोंदींवर आधारलेल्या २०१३ मधील एका अभ्यासात असे दिसले की, तासाच्या आणि टॉवरच्या सूक्ष्मतेच्या नोंदींतही जागा आणि वेळ यांचे फक्त चार बिंदू माहीत असले, तर ९५ टक्के माणसे गर्दीतून वेगळी ओळखता येतात. रात्री वाहन कुठे उभे असते आणि सकाळी कुठे जाते एवढ्यावरून घर आणि कचेरी सापडते.

म्हणून पहिली नोंद सर्व्हरवर येण्यापूर्वी पुढील अटी ठरवून घ्याव्यात. ओळख-क्रमांक रोज, शक्य तर प्रत्येक फेरीनंतर बदलावा. फेरीचा पहिला आणि शेवटचा काही शे मीटरचा भाग पुरवठादारानेच कापून पाठवावा. ठरावीक किमान संख्येपेक्षा कमी वाहनांवर आधारलेला आकडा बाहेर प्रसिद्ध होऊ नये. कच्च्या नोंदी किती दिवसांनी पुसायच्या आणि त्या कोणाला पाहता येतील, हे नावांनिशी नसले तरी पदांनिशी लिहावे. डेटा पोलीस तपासासाठी किंवा वेगमर्यादा मोडणाऱ्यांना दंड करण्यासाठी वापरला जाणार नाही, हेही स्पष्ट करावे. एकदा तसा वापर झाला की लोक परवानगी काढून घेतात आणि मग देखरेखच बंद पडते. रस्त्याच्या तुकड्यांवरचे वेग एवढेच हवे असतील, तर फेऱ्या जोडणाऱ्या कायमस्वरूपी ओळख-क्रमांकाची मुळात गरज नसते. गरज नसलेली माहिती न घेणे हा सर्वांत स्वस्त उपाय आहे.

नोंदींची साफसफाई

किमान रकाने असे: फेरीचा क्रमांक, अक्षांश, रेखांश, यंत्राने नोंद घेतली ती वेळ, वेग, दिशा आणि अचूकतेचा अंदाज. वेळेचा रकाना आधी तपासावा, कारण बहुतेक गोंधळ तिथे असतो. बोगद्यात नेटवर्क गेलेला फोन बाहेर आल्यावर साठलेल्या चाळीस नोंदी एकदम पाठवतो. सर्व्हरला पोहोचल्याची वेळ गृहीत धरली, तर ते वाहन दीड किलोमीटर एका सेकंदात धावलेले दिसते. त्यामुळे नोंद घेतल्याची आणि पोहोचल्याची अशा दोन्ही वेळा साठवाव्यात आणि सर्व काही यूटीसीमध्ये, म्हणजे जागतिक प्रमाणवेळेत, ठेवावे. स्थानिक वेळेत रूपांतर फक्त अहवाल छापताना करावे.

अक्षांश आणि रेखांश यांची अदलाबदल झालेली असणे ही नित्याची गोष्ट आहे; दहा बिंदू नकाशावर टाकून पाहिले की ते लगेच कळते. दशांशानंतर किती अंक आहेत हेही पाहावे. पाचव्या अंकाची किंमत अक्षांशाच्या दिशेने सुमारे १.१ मीटर असते आणि तिसऱ्याची सुमारे १११ मीटर, त्यामुळे तीनच अंक ठेवून पाठवलेला डेटा शहरी रस्त्यांसाठी बाद समजावा. यंत्राने दिलेला वेग असेल, तर दोन बिंदूंमधल्या अंतरावरून काढलेल्या वेगापेक्षा त्यावर अधिक विश्वास ठेवावा, कारण जीपीएस यंत्र तो बहुधा लहरींच्या डॉप्लर बदलावरून मोजते. उभ्या वाहनाचे बिंदू काही मीटरच्या परिघात भटकत राहतात. ते हालचाल म्हणून धरू नयेत, पण सरसकट काढूनही टाकू नयेत, कारण सिग्नलवर थांबलेले वाहन हीच तर आपल्याला हवी असलेली माहिती आहे. वाहन पार्किंगमध्ये आहे की रांगेत, हे ते किती वेळ थांबले आहे आणि आजूबाजूच्या इतर वाहनांचे वर्तन एकत्र पाहून ठरवावे.

बिंदू रस्त्यावर बसवणे

उघड्या आकाशाखाली फोनची स्थिती साधारण पाच मीटरपर्यंत अचूक असते. उंच इमारतींमध्ये परावर्तित लहरींमुळे ती चूक अनेक पटींनी वाढते. तेव्हा प्रत्येक बिंदू सर्वांत जवळच्या रस्त्याला चिकटवणे ही पद्धत मोहक वाटली, तरी ती वापरू नये. उड्डाणपूल आणि त्याखालचा सेवा रस्ता यांचे उदाहरण घ्यावे. पुलावरून पन्नासच्या वेगाने जाणाऱ्या गाडीचे काही बिंदू पुलावर तर काही खालच्या रस्त्यावर पडतात आणि खालच्या तुंबलेल्या रस्त्याचा सरासरी वेग फुगतो. उलट पुलाखाली रांग असेल, तर पूलही तांबडा दिसू लागतो.

यावर रूढ झालेला उपाय म्हणजे संपूर्ण फेरीचा एकत्र विचार करून सर्वांत संभाव्य मार्ग निवडणारी हिडन मार्कोव्ह मॉडेल ही सांख्यिकी पद्धत. न्यूसन आणि क्रम या संशोधकांनी २००९ मध्ये मांडलेल्या तिच्या रूपात दोन शक्यता तोलल्या जातात: बिंदू त्या रस्त्यापासून किती दूर आहे, आणि लागोपाठच्या दोन बिंदूंमधले सरळ अंतर व रस्त्याने जाण्याचे अंतर यांत किती तफावत आहे. पुलावरून मध्येच खाली उतरायला वाटच नसेल, तर तसे सुचवणारा मार्ग आपोआप मागे पडतो. त्यांच्या प्रयोगात नोंदींमधले अंतर ३० सेकंदांपर्यंत वाढवले तरी अचूकता टिकून राहिली. ही पद्धत स्वतः लिहीत बसण्याची गरज नाही. व्हॅलहाला, ओएसआरएम, ग्राफहॉपर ही मुक्त साधने ओपनस्ट्रीटमॅपच्या नकाशावर हे काम करतात. आपला वेळ त्यापेक्षा नकाशा तपासण्यात घालवावा: एकदिशा रस्त्यांच्या खुणा, वळणबंदी, नव्याने सुरू झालेला पूल. नकाशा चुकला असेल, तर सर्वोत्तम पद्धतही नेमाने चुकीचेच उत्तर देते.

बिंदूंपासून प्रवासवेळेकडे

बिंदूंवरचे वेग गोळा करून त्यांची सरासरी काढू नये. हळू जाणारे वाहन त्या तुकड्यावर जास्त वेळ असते, त्यामुळे ते जास्त बिंदू पाठवते. एकच रखडलेला ट्रक वीस सुरळीत गेलेल्या गाड्यांना झाकून टाकू शकतो. प्रत्येक वाहनाने तुकडा कधी ओलांडायला घेतला आणि कधी संपवला हे काढून, एका फेरीची एकच प्रवासवेळ धरावी.

यातली खरी अडचण सिग्नलपाशी दिसते. समजा, एका गाडीच्या नोंदी दर ३० सेकंदांनी येतात. १०:१४:५० ला ती थांबरेषेच्या ३० मीटर मागे आहे, १०:१५:२० ला २० मीटर मागे, आणि १०:१५:५० ला चौक ओलांडून २८० मीटर पुढे. मधली वाटचाल समान वेगाने झाली असे मानले, तर शेवटच्या ३० सेकंदांत ३०० मीटर कापले गेले, म्हणजे सेकंदाला १० मीटर, आणि तिने थांबरेषा १०:१५:२२ ला ओलांडली असे निघते. प्रत्यक्षात ती आणखी दहा-बारा सेकंद तांबड्या दिव्यावर उभी असू शकते. ते सेकंद आपण नकळत पुढच्या, मोकळ्या तुकड्याच्या खात्यात टाकले. यासाठी तुकड्याची सीमा थांबरेषेवर न आखता चौकाच्या ५० ते १०० मीटर पुढे आखावी. मग सिग्नलवरचा सगळा खोळंबा ज्या तुकड्यामुळे झाला त्याच्यातच राहतो. ही एवढीशी दुरुस्ती कोणत्याही गुंतागुंतीच्या सूत्रापेक्षा अधिक फळ देते, असे माझे मत आहे.

तुकड्याचा सरासरी वेग काढताना प्रवासवेळांची बेरीज करावी, वेगांची नाही. एक किलोमीटरच्या तुकड्यावरून तीन गाड्या ताशी ६०, ३० आणि १५ किलोमीटरने गेल्या, तर त्यांना अनुक्रमे ६०, १२० आणि २४० सेकंद लागले. तीन किलोमीटरला ४२० सेकंद, म्हणजे ताशी २५.७ किलोमीटर. वेगांची साधी सरासरी ३५ येते आणि ती रस्ता आहे त्याहून मोकळा दाखवते. हा भेद वाहतूक-अभ्यासक वॉर्ड्रॉप यांनी १९५२ मध्येच स्पष्ट केला होता, तरी आजही अनेक डॅशबोर्डांत साधी सरासरी आढळते.

नमुना पुरेसा आहे का, आणि तो कोणाचा आहे

किती फेऱ्या लागतील याचा ढोबळ हिशेब सोपा आहे. प्रवासवेळेचे प्रमाण विचलन (वेळा सरासरीभोवती किती विखुरल्या आहेत याचे माप) भागिले सरासरी हे गुणोत्तर काढावे, ते १.९६ ने गुणावे, मान्य त्रुटीने भागावे आणि उत्तराचा वर्ग करावा. गुणोत्तर ०.३ आणि मान्य त्रुटी १० टक्के असेल, तर ३५ फेऱ्या लागतात. त्रुटी ५ टक्क्यांवर आणायची, तर १३९. पंधरा मिनिटांत एवढ्या फेऱ्या मिळत नसतील, तर अनेक आठवड्यांचे मंगळवार ते गुरुवार एकत्र करावेत. पाच मिनिटांचे आकडे दाखवण्याचा हट्ट धरू नये.

संख्येपेक्षा जास्त धोका नमुन्याच्या घडणीत असतो. २०२० मध्ये सायमन वेकर्ट या कलाकाराने बर्लिनमध्ये हातगाडीत ९९ फोन ठेवून ती रिकाम्या रस्त्यावरून ओढत नेली आणि ऑनलाइन नकाशावर तिथे कोंडी दिसू लागली. हातगाडी हा अपवाद म्हणून सोडून देता येईल, पण भरलेली बस ही रोजची हातगाडीच आहे. एकाच जागी, एकाच वेळी, एकाच गतीने सरकणारे फोन ओळखून त्यांना एक वाहन मानावे. याच्या उलट टोकाला दुचाकी असतात. त्या रांगेतून वाट काढत पुढे जातात आणि कोंडी सौम्य भासवतात. वाहनाचा प्रकार नोंदीत नसेल, तर तुकड्यावरील प्रवासवेळांचा आलेख काढावा; त्यात दोन उंचवटे दिसले, तर दोन प्रकारची वाहने मिसळली आहेत किंवा काहींना हिरवा दिवा मिळाला आणि काहींना तांबडा. दोन्ही वेळा एकटी सरासरी फसवते आणि मध्यकाबरोबर ९५ वा शतमकही, म्हणजे १०० पैकी ९५ फेऱ्या ज्या वेळेच्या आत संपतात ती वेळही, द्यावा लागतो.

नमुन्यावरून एकूण वाहने काढण्याचा मोह इथे होतो. मोजणी-यंत्राने तासात ६०० वाहने दाखवली आणि आपल्याकडे २४ फेऱ्या असल्या, तर प्रमाण ४ टक्के. मग शेजारच्या रस्त्यावरच्या फेऱ्यांना २५ ने गुणले की झाले, असे वाटते. पण हे प्रमाण तासागणिक आणि रस्त्यागणिक बदलते. रात्री टॅक्सींचा वाटा वाढतो, ओळखीच्या रस्त्यावर लोक दिशादर्शक ॲप सुरूच करत नाहीत. असा अंदाज करायचाच असेल, तर त्याच प्रकारच्या रस्त्यावर, त्याच तासांची प्रत्यक्ष मोजणी हाताशी हवी.

निर्देशांक आणि तत्काळ सूचना

सरासरीपेक्षा भरवसा महत्त्वाचा असतो. अमेरिकेच्या राष्ट्रीय महामार्गांसाठीच्या नियमांत पंधरा मिनिटांच्या नोंदींवरून ८० व्या शतमकाच्या प्रवासवेळेला मध्यकाने भागतात आणि उत्तर १.५० पेक्षा कमी आले, तर तो तुकडा भरवशाचा मानतात. सामान्य वाचकाला समजावायचे असेल, तर जादा ठेवावा लागणारा वेळ सांगावा: सरासरी २० मिनिटांच्या प्रवासाचा ९५ वा शतमक ३२ मिनिटे असेल, तर वेळेवर पोहोचण्यासाठी १२ मिनिटे आधी निघावे लागेल.

महामार्गावरील रांगेची तत्काळ सूचना द्यायची असेल, तर एका तुकड्याचा वेग पडला एवढ्यावर घंटा वाजवू नये. लगतच्या दोन तुकड्यांत मागचा मोकळा आणि पुढचा तुंबलेला अशी ठळक तफावत, किमान दोन वेगवेगळ्या वाहनांकडून मिळालेली असावी. कोंडीची लाट प्रवाहाच्या उलट दिशेने ताशी सुमारे १५ किलोमीटर वेगाने सरकते, म्हणजे नोंदीपासून सूचनेपर्यंत चार मिनिटे गेली, तर शेपूट एक किलोमीटर मागे आलेले असते. सूचनेची जागा ठरवताना हे अंतर जमेस धरावे. रात्री नमुना विरळ असतो तेव्हा ‘वेग उत्तम’ असे न दाखवता तुकडा राखाडी ठेवावा.

पडताळणी

काही निवडक तुकड्यांवर चाचणी-गाडी फिरवून किंवा दोन टोकांना वाहनांचे क्रमांक टिपून प्रत्यक्ष प्रवासवेळ घ्यावी आणि आपल्या आकड्यांशी ताडून पाहावी. मोकळ्या वेळी दोन्ही जुळणे हा पुरावा नव्हे. कोंडी सुरू होताना आणि सुटताना तपासावे, कारण बहुतेक प्रणाली तिथेच काही मिनिटे मागे पडतात. नकाशाची आवृत्ती बदलली की तुकड्यांचे क्रमांक बदलतात आणि वर्षभराची मालिका तुटते. म्हणून प्रत्येक आकड्याशेजारी नकाशाची आवृत्ती, डेटाचा स्रोत आणि फेऱ्यांची संख्या साठवावी. पुरवठादाराने ताफा बदलला किंवा ॲपमधील परवानगीचे नियम बदलले, तरी वेगात अचानक पायरी दिसते. सिग्नलचे नवे वेळापत्रक यशस्वी झाले असे जाहीर करण्यापूर्वी ती पायरी त्या चौकाशी संबंध नसलेल्या दूरच्या रस्त्यांवरही दिसते का, हे पाहावे. तशी दिसत असेल, तर बदल रस्त्यावर नसून डेटात झालेला आहे.